ओढ्यापलीकडचा धोंडा

वनखात्याच्या फाटकावर आमची जीप थांबली तेव्हा मला कुणी काही विचारलं नव्हतं. गार्ड पुढच्या जीपवाल्यांशी बोलत उभा होता. तरी मी उतरलो, खाण्याची पिशवी बॉनेटवर ठेवली आणि आतलं सगळं प्लास्टिक बाहेर काढायला लागलो. बिस्किटांचे पुडे, चिक्की, फरसाण, ग्लुकोजच्या पावडरीचं पाकीट. फाटकाशेजारी एक हिरवी पाटी होती. जंगलात प्लास्टिक नेऊ नये, आरडाओरडा करू नये, दगड, पान, फूल काही उचलू नये, वन्यप्राणी दिसल्यास जागीच शांत उभे राहावे. ही पाटी मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवली. पाट्या मोठ्यानं वाचल्या की लोक सुधारतात, असा माझा समज आहे.

गार्ड म्हणाला, "आवं पाव्हणं, खायाचं ऱ्हाऊ द्या की. रिकामं कागद तेवढं माघारी आणा, म्हंजे झालं."

"छे छे. नियम तो नियम," मी म्हणालो. "शिकल्यासवरल्या माणसांनी नाही पाळला तर कुणी पाळायचा?"

आणि तो सगळा ऐवज मी जीपच्या मागच्या सीटवर ठेवून दिला. बायको हाताची घडी घालून बघत होती.

"पाण्याची बाटली स्टीलची हाय," ती म्हणाली. "घेऊ का तीबी ठिवू?"

जीपमधली मंडळी हसली. मीही हसलो. माधवनगरात माझी बायको माझ्यासारखंच बोलते, पण माहेरच्या माणसांत आली की पाटण येईपर्यंत तिची भाषा पार बदललेली असते, आणि त्या भाषेत तिला टोमणे जास्त चांगले जमतात.

माझं माधवनगरात यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. रविवारी सकाळी चार मित्रांबरोबर मी डोंगर चढायला जातो. डोंगर म्हणजे दंडोबा, आणि चढायला म्हणजे गाडी जाईल तिथवर गाडीनं. तेवढ्या भांडवलावर मी घरात जंगलातला माणूस म्हणून वावरतो. माझ्याकडं घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आहेत. घडी होणारी काठी आहे. काठीला होकायंत्र आहे, ते नेहमी दुकानाची दिशा दाखवतं असं बायको म्हणते.

खरं जंगलातलं माणूस म्हणजे माझी सासू. त्यांना मी मामी म्हणतो. लग्न होऊन त्या कोयनेच्या खोऱ्यातल्या एका आडबाजूच्या गावात आल्या. तिथंच नाचणी पेरली, म्हशी राखल्या, मुलं वाढवली. पुढं ते रान अभयारण्यात गेलं आणि सगळं गाव उठून सांगलीकडच्या माळावर वसाहतीत आलं. वसाहतीत घरं आली, नळ आला, शेताचे तुकडे आले. देवी तेवढी आली नाही. म्हणजे आणायला माणसं गेली होती. कौल लावला, तो तिनं दिला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. मग तिला तिथंच ठेवून लोक माघारी आले. तेव्हापासून दर चैत्रात, वनखात्याची परवानगी काढून, सगळी वसाहत जीपा करून निघते. मलकापूरला चहा, पाटणला नारळ आणि हार, मग घाट, मग हे फाटक. फाटकापासून पुढं पायवाट.

गेली दोन वर्षं मामींचे गुडघे आणि साखर दोन्ही बिघडल्यामुळं त्यांना जाता आलं नव्हतं. यंदा मात्र त्यांनी धोशा लावला होता. "माझ्या हातचा निवद तिला दोन साल गेला न्हाई. आता मी जाती का ऱ्हाती ठावं न्हाई. यंदा न्हेनार म्हंजे न्हेनार." बायको नको म्हणत होती. डॉक्टरांनी हळूहळू चालायला हरकत नाही, असं मोघम सांगितलं होतं. तेव्हा घरातला जंगलातला माणूस पुढं झाला. मी म्हणालो, "मी आहे ना बरोबर."

हे वाक्य मी का बोललो, याचा विचार मी अजून करतो.

फाटकातून आत गेल्यावर आधी सडा लागतो. सडा म्हणजे काळ्या-तांबड्या जांभ्याचं उघडं पठार. पावसाळ्यात त्यावर फुलांचा गालिचा असतो म्हणे, चैत्रात मात्र तो तापलेल्या तव्यासारखा असतो. मामी डोक्यावर पदर आणि काखेत निवदाची बुट्टी घेऊन, गुडघे विसरून तुरुतुरु चालल्या होत्या. बुट्टी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला त्या तयार नव्हत्या. आतमध्ये पितळी डब्यात पुरणपोळ्या, भात, गूळ-खोबरं, आणि वर ओटीचं खण-नारळ.

"त्या खाली, वड्याच्या पल्याड, आमची खळी व्हती," त्या दाखवत होत्या. तिथं कारवीचं रान माजलं होतं. "त्यो आंबा दिसतो का? त्येच्याखाली तुमच्या बायकूला झोळीत टाकून मी नाचना काढायची."

"आणि रडत असेल ना ती?"

"लय. तवाबी लय बडबडायची."

गावकरी पुढं निघून गेले. सगळ्यांच्या पुढं बायकोचा चुलतभाऊ होता, फौजेतनं निवृत्त होऊन आलेला. अजूनही त्याला मागं वळून बघायची सवय लागलेली नाही. "चलो, चलो, धूप बढ रही है," एवढं त्याचं ओरडणं ऐकू आलं, मग तेही येईना. गार्ड त्यांच्याबरोबर होता. आम्ही तिघं मागं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरं वाटलं. शांतपणे चालता येईल, झाडांची नावं सांगता येतील. सडा संपवून वाट झाडीत उतरली तशी मी सांगायलाही लागलो. हा ऐन, हा किंजळ. मामी म्हणाल्या, "त्यो किंजळ न्हवं, हिरडा." नंतरच्या झाडाला मी गप्प बसलो.

उतार मोठा होता. पावसाळ्यात पाणी ज्या वाटेनं धावतं तीच पायवाट, त्यामुळं सगळे सुटे गोटे. मामींचं बोलणं थांबलंय हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. मी म्हणालो, "मामी, दमला का?"

"मी? तुमीच मगापास्नं फुसफुसाय लागलाय."

उत्तर नेहमीसारखं होतं, पण आवाज नव्हता. पुढच्या वळणावर त्यांचा पाय घसरला. पडल्या नाहीत, वाटेकडेच्या एका मुळावर बसल्या. बसल्या म्हणजे टेकल्या. घाम आला होता. घाम मलाही आला होता, पण झाडीत शिरल्यावर माझा वाळला होता. त्यांचा वाढतच चालला होता. कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं.

"हात का कापत्यात गं माझं?" त्यांनी लेकीला विचारलं. अगदी कुतूहलानं, दुसऱ्याच कुणाचे हात असल्यासारखं.

बायको त्यांच्या पुढ्यात गुडघ्यावर बसली. "आये, सकाळी साखरंची गोळी घेतलीस?"

"घेतली की. डाक्टर म्हनलाय, चुकवायची न्हाई."

"आन खाल्लंस काय?"

मामींनी तिच्याकडं असं बघितलं, जणू म्हणत होत्या, एवढी शिकवली ती काय उपयोगाची. "निवदाच्या आदी?"

वसाहतीत ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. देवीला निवद नेणाऱ्या बाईनं देवी जेवेपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. रीत मलाही ठाऊक होती, गोळीही ठाऊक होती. दोन्ही एकाच बाईच्या पोटात एकाच सकाळी जातील, हे काही सुचलं नव्हतं. गोळी घेऊन त्यांनी डॉक्टरचा शब्द पाळला, उपाशी राहून देवीचा पाळला. आणि मग तो सगळा सडा तुडवत आल्या. आता अंगातली साखर उतरत चालली होती.

"ग्लुकोज द्या," बायकोनं माझ्याकडं न बघता हात पुढं केला.

"जीपमध्ये."

"बिस्कीट?"

"जीपमध्ये."

ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. लग्नापासून आजवर मला तिच्या बोलण्याची भीती कधी वाटली नाही. तिच्या न बोलण्याची वाटली, ती त्या दिवशी.

खायला म्हणजे बुट्टी होतीच. पुरण होतं, गूळ होता. त्याहून जास्त काय लागतं? बायकोनं बुट्टीला हात घातला तशी मामींनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. कापणाऱ्या हातांत एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

"आये, एक गुळाचा खडा. एकच."

"निवद उष्टा हुईल."

"देवी काय म्हनणार न्हाई. तिला दिसतंय की सगळं."

"दिसतंय. पर जेवली कुठं?"

मी म्हणालो, "मामी, मग इथंच निवद दाखवू. इथूनच हात जोडू. देवी सगळीकडं असते."

"तुमच्याकडं आसंल," मामी म्हणाल्या. "आमची वड्याच्या पल्याड असती. वड्यापासनं आमची शिव. ही परक्याची शिव हाय. परक्याच्या शिवंत आमची देवी जेवत न्हाई."

गावाची हद्द असते, तशी देवीचीही असते. ओढ्याच्या अलीकडं दुसऱ्या गावाची जमीन. ते गावही उठून गेलं होतं, सातबारा कधीच सरकारच्या नावावर झाला होता, दोन्ही काठांवर सारखंच रान माजलं होतं. पण मामींच्या लेखी शिव जिथल्या तिथं होती.

बायकोनं त्यांचं लक्ष चुकवून गुळाचा खडा काढला आणि ओठाला लावला. मामींनी दात गच्च मिटले आणि तिच्या हातावर फटका मारला. खडा पाचोळ्यात गेला. मी मोबाईल काढून उंच धरला. वर केला, बाजूला केला, दगडावर चढून धरला. रेंज नाही. मग हाका मारल्या. पाटीवर आरडाओरडा करू नये असं लिहिलं होतं, तरी जीव खाऊन मारल्या. लांब कुठंतरी एका पाखरानं शीळ घातली, बस्स.

"पाठीवर घ्या तिला," बायको म्हणाली. "ओढा खालीच आसंल. पाण्याचा वास येतोय."

मी वाकलो. मामी पाठीवर आल्या. मी उठलो, एक पाऊल टाकलं, आणि पायाखालचे गोटे गडगडले तसा मी खाली बसलो. मामी पडल्या नाहीत, कारण मागून बायकोनं धरलं होतं. एकटा पडलो असतो तर गुडघा फुटला असता. त्यांना घेऊन पडलो असतो तर त्या उतारावर काय झालं असतं, ते बोलायला नको. महागाच्या बुटांना तिथं काही अर्थ नव्हता.

मामींचे डोळे मिटायला लागले होते. मध्येच उघडून त्या लेकीला म्हणाल्या, "म्हसरं आली का गं? आंधार पडाय लागला."

वरती पानांतून ऊन ठिबकत होतं. भर दुपार होती.

बायकोचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. तिनं आईचं डोकं मांडीवर घेतलं, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि माझ्याकडं वळली.

"ती शिवंला येऊ शकत न्हाई ना? मग शिव हिकडं आणा."

"म्हणजे?"

"पल्याडला जावा. तिथली जमीन आणा, धोंडा आणा, काय बी आणा. बघत काय बसलायसा? पळा!"

मी पळालो. त्या उतारावर मी पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. काठी कुठंतरी पडली. दोनदा बसकण मारली, एकदा करवंदीच्या जाळीनं सदरा धरून ठेवला. वाट एकदम सपाट झाली आणि समोर ओढा आला.

चैत्रातला ओढा. पाण्याची एक बारीक धार आणि तिच्या पायथ्याशी हिरवागार, गार, गप्प असा कोंड, म्हणजे डोह. पलीकडच्या काठावर उंबराचं मोठं झाड, त्याची मुळं पाण्यात उतरलेली. आणि उंबराखाली गवा.

आधी मला तो खडकच वाटला. मग खडकानं कान हलवला. काळंभोर धूड, खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा, आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे चढवल्यासारखे पाय. तो पाणी पीत होता. त्यानं डोकं वर केलं, नाकातून पाण्याची धार गळाली, आणि तो माझ्याकडं बघायला लागला.

वन्यप्राणी दिसल्यास जागीच शांत उभे राहावे. मी उभा राहिलो. सगळा नियम पाळून उभा राहिलो. किती वेळ उभे राहावे, ते पाटीवर नव्हतं. वर कुणाची सासू बेशुद्ध पडत असेल तर काय करावे, तेही नव्हतं. गवा हलेना. तेवढ्यात वरून बायकोची हाक आली.

"आवं!"

एवढीच. पण त्या हाकेत तक्रार नव्हती, घाई नव्हती. भीती होती. घरात झुरळ, पाल, विंचू यांतलं काहीही निघालं तरी ती मला हाक मारत नाही, स्वतःच चप्पल घेते. ती बाई घाबरली होती.

मी गव्यापासून शक्य तेवढं लांब, कोंडाच्या वरच्या टोकाला सरकलो आणि पाण्यात उतरलो. पाणी घोट्याला लागेल असं वाटलं होतं, ते कमरेला लागलं. खालचे खडक शेवाळलेले. मी रांगत, पोहत, पाय घसरत कसातरी निघालो. अर्ध्यावर आलो तशी गव्यानं "फुस्स" केलं. इतक्या जोरात की कोंडाच्या पाण्यावर शहारा आला. आणि त्याच्यामागून एक तांबूस पिल्लू बाहेर आलं.

म्हणजे तो गवा नव्हता, ती गाय होती. आई होती.

भीतीनं माणसाच्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. मी तिला म्हणालो, "आई, मी काही करत नाही. धोंडा घेतो आणि जातो. वर माझी सासू आहे."

तिनं ऐकून घेतलं का, मला माहीत नाही. ती पिल्लाच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहिली, एवढं खरं. मी पलीकडच्या काठाला पोचलो, हात पुढं केला आणि हाताला लागला तो धोंडा ओढला. तो अर्धा चिखलात रुतलेला होता. निघेना. तिच्याकडं पाठ करायची हिंमत नव्हती, म्हणून तिच्याकडं बघत बघत, आंधळ्यासारखा मी तो हलवत राहिलो. शेवटी पचक् करून सुटला, तेव्हा कळलं की तो चांगला पाट्याएवढा आहे. पण दुसरा शोधायला वेळ नव्हता. पोटाशी कवटाळला आणि परत पाण्यात शिरलो. अलीकडं येऊन मागं बघितलं तेव्हा ती तशीच उभी होती.

चढ कसा चढलो ते मला नीट आठवत नाही. धोंडा आधी पुढं ठेवायचा, मग आपण त्याच्यापर्यंत जायचं, मग परत उचलायचा. छातीत कळ येतेय का, हे बघायलाही फुरसत नव्हती. वर पोचलो तेव्हा मामी लेकीच्या अंगावर रेललेल्या होत्या, बुट्टी मात्र अजून पकडीत.

"मामी," मी धोंडा त्यांच्यापुढं ठेवला, "शिव आणली."

त्यांनी मोठ्या कष्टानं डोळे उघडले. हात पुढं केला. धोंड्याच्या अंगाला ओला काळा चिखल होता, तो बोटाला लागला. बोट त्यांनी नाकाशी नेलं.

"वड्याची हाय," त्या पुटपुटल्या. "पल्याडची?"

"पल्याडची."

"कंच्या अंगाची?"

माणूस मरायला टेकलाय आणि उलटतपासणी घेतोय! "उंबराच्या," मी म्हणालो.

"मग हाय आमची."

बायकोनं तोवर बुट्टी उघडलीसुद्धा होती. हळद-कुंकू धोंड्याला लावलं, खण पांघरला, पितळी डबा पुढं ठेवला, बाटलीतल्या पाण्याचा हात फिरवला. "म्हण आये, तिला जेवायला म्हण."

आणि मामींनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. दोन वर्षांचं साठलेलं गाऱ्हाणं. जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत अडकत होते, पण त्या एकालाही सोडायला तयार नव्हत्या. मोठ्या लेकाच्या कंबरेला बरं वाटू दे. धाकटीच्या पोराला नोकरी लागू दे. वसाहतीतल्या बोअरला पाणी टिकू दे. मग जावयाच्या दुकानाचा नंबर आला. एरवी मी सुखावलो असतो. तेव्हा मात्र वाटत होतं, देवी, दुकान बुडालं तरी चालेल, तू आधी जेव. शेवटी बायकोला राहवलं नाही.

"आये, जेवली ती!"

"जेवली?"

"जेवली. ढेकर दिली. आता परसाद घे."

मामींनी हात जोडले, कपाळाला लावले, आणि तोंड उघडलं.

बायकोनं डब्याच्या झाकणात गूळ पाण्यात कुस्करून ठेवला होता. तो घोट घोट पाजला. मग पुरणपोळीचा तुकडा, पुन्हा गुळाचं पाणी. अर्धं पदरावर सांडत होतं. मी त्यांच्या बोटांकडं बघत होतो. ती कापत होती, आणि थांबतच नव्हती. उशीर झाला असेल तर? गूळ पुरेसा नसेल तर? मी मनात त्या धोंड्याला काय काय कबूल केलं ते इथं सांगत नाही, अजून फेडायचं राहिलंय. पाचोळ्यावर कुठंतरी सरडा धावला तरी मी दचकत होतो.

मग कधीतरी त्यांच्या कपाळावरचा घाम वाळला. त्यांनी स्वतःच्या हातानं पोळीचा तुकडा मोडला. चावता चावता माझ्याकडं बघितलं, खालीवर बघितलं.

"जावाय, तुमची इजार कशानं भिजली?"

"पाण्यात उतरलो होतो, मामी. समोर गवा होता."

"गव्याला बघून भिजली म्हना की," बायको म्हणाली, आणि हसली. हसता हसता तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. मामी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांना वाटत होतं, लेक दमली.

खालून आवाज आले. फौजी मेहुणा आणि गार्ड आम्हाला शोधत वर येत होते. "दाजी! किधर रह गये? हिकडं समदी जेवाय बसली," म्हणत मेहुणा पुढं आला, आणि आम्हा तिघांना बघून थांबला. बायकोनं थोडक्यात सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "मागं बघाय पायजे व्हतं," एवढंच तो म्हणाला, आणि पुढचा सगळा दिवस मामींच्या मागं मागं राहिला.

गार्ड धोंड्याकडं बघत होता. खण, कुंकू, हळद.

"ह्यो हितं कवा आला?"

"मी आणला," मी म्हणालो. "ओढ्यावरनं."

"पाव्हणं," तो म्हणाला, "पाटी तर तुमीच वाचली."

मी मान खाली घातली. मामी मात्र ताठ बसल्या. "आमच्या शिवंचा धोंडा हाय. आमीच आणला, आमीच जाग्यावर ठिवू. तिला काय हितं परक्यात ठिवून जानार न्हाई."

गार्डनं खण काढून मामींच्या हातात दिला आणि म्हणाला, "चला मग. गवा गेलाय. मी येतो संगं."

मेहुण्यानं मामींना पाठीवर घेतलं, आणि तो मुरलेला फौजी उतारावरून असा उतरला की माझी मान आणखी खाली गेली. मी मागून धोंडा घेऊन. या वेळी पुढं जाऊन कुणी वाट दाखवत होतं, तरी तो दुप्पट जड लागला. कोंडापलीकडं चिखलात त्याची ओली खळगी तशीच होती. मी तो बसवायला लागलो.

"तसा न्हवं," मामी पाठीवरूनच म्हणाल्या. "फिरवा. हां. आन जावाय, एवढा धोंडा कशाला उचलला? मूठभर माती आणली आसती तरी चाललं आसतं की."

यावर गार्डही हसला.

देवळाला आता छप्पर नाही. चार खांब, मधे शेंदूर लावलेली शिळा, आणि भिंतीतून वर गेलेला एक पिंपळ. मामींनी ओटी भरली. निवदाचा डबा तोवर निम्मा रिकामा झाला होता. शेजारच्या बाईनं विचारलं, तुमचा निवद कुठाय, तेव्हा त्या म्हणाल्या, "पोचला तिला, वाटंतच." आणि देवीसमोर पाय पसरून बसल्या. तिथून उठवायला आम्हाला बरीच मनधरणी करावी लागली.

परतताना मलकापूरला चहाला थांबलो. मामी जीपमध्ये पोहे खात होत्या, मेहुणा त्यांच्यापुढं पाण्याचा पेला धरून उभा होता. बायको माझ्याशेजारी बाकावर येऊन बसली. परतीला फाटकातून बाहेर पडल्यापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं माझ्या बशीतला चहा ओढून घेतला, संपवला, आणि आईकडं बघतच म्हणाली,

"फुडच्या साली आये घरातनं भाकरी खाऊन निघंल. तिच्या वाटचा उपास तुमी धरायचा. देवीनं तुमचा धोंडा चालवून घेतला, तर तुमचा उपासबी चालवून घेईल."